एकुलती एक शर्यतीची गाडी : किती दुरुस्त करावी आणि किती तशीच ठेवावी?

तापीथडी (धागाकर्ता)

नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या एका नातेवाइकांच्या शेतातल्या गोदामात अनेक वर्षे ताडपत्रीखाली झाकलेली एक शर्यतीची गाडी आता माझ्याकडे आली आहे. कामाला हात घालण्यापूर्वी जाणकारांची मते घ्यावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

ही गाडी कोणत्याही कारखान्यात तयार झालेली नाही. साठीच्या दशकात धुळ्याला आग्रा रोडवर गॅरेज चालवणाऱ्या एका मेकॅनिकने ती स्वतःच्या हाताने उभी केली आणि अशी दुसरी गाडी त्यांनी कधीच केली नाही. ते आज हयात नाहीत. कुटुंबाच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे लिहीत नाही. गाडी मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीत धावली होती असे घरात सांगतात, मात्र लेखी पुरावा अद्याप हाती आलेला नाही.

इंजिन फियाट ११०० चे आहे : १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). फियाट ११०० ला वेगळी चॅसी नसते, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. त्यामुळे या गृहस्थांनी बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडला, पुढचे सस्पेन्शन आणि मागचा पाट्यांच्या स्प्रिंगांवरचा ॲक्सल फियाटचाच ठेवला, इंजिन जवळजवळ वीतभर मागे घेतले आणि वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी ठोकून बसवली. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांना वजन कमी करण्यासाठी भोके पाडलेली आहेत. ती सारख्या अंतरावर नाहीत, पण प्रत्येक भोकाची कड कानशीने गोल केलेली आहे, म्हणजे पायाखालच्या त्या तुकड्यावरही त्यांनी वेळ दिला होता.

आजची स्थिती अशी आहे. इंजिन जाम आहे. सांगाड्याची एक नळी इंजिनाच्या माउंटिंगजवळ तडकलेली आहे. नाकाकडचा पत्रा चेपलेला आणि ठिकठिकाणी पोखरलेला आहे. डाव्या बाजूस रिव्हेट मारून बसवलेले जुने ठिगळ आहे. मला ही गाडी पुन्हा चालती करायची आहे, पण त्या कारागिराचा हात तिच्यातून पुसला जाऊ नये, अशीही इच्छा आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधाव्यात?

---

गिरणाकाठ

सर्वप्रथम अभिनंदन, आणि एक कळकळीची विनंती : तूर्त काहीही खोलू नका, काहीही घासू नका.

कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या गाडीचे मॅन्युअल मिळते, पार्ट्सचे पुस्तक मिळते, आणि शंका आली तर दुसरी गाडी पाहता येते. आपल्या गाडीच्या बाबतीत यांतले काहीच नाही. ती कशी होती हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे ती गाडीच. आपल्या धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळात जुने दप्तर हाताळणारे लोक जसे वागतात तसे येथे वागावे लागेल. अस्सल कागद कसरीने खाल्लेला असेल, तर ते तेवढी जागा रिकामी दाखवतात, तेथे काय असावे याचा तर्क बाजूला वेगळा लिहितात, आणि मूळ ओळीवर स्वतःची शाई कधीही चालवत नाहीत.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, गाडी सपाट जमिनीवर चार ठोकळ्यांवर घ्या, ओळंबा लावून सांगाड्याच्या प्रत्येक सांध्याची जमिनीपासूनची आणि मध्यरेषेपासूनची मापे घ्या, आणि ती वहीत उतरवा. प्रत्येक वॉशर, प्रत्येक शिम, प्रत्येक नटाच्या डोक्यावरची खूण यांची छायाचित्रे काढा. रंगाचे थर पाहण्यासाठी एखाद्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर बाराशे नंबरच्या पाणकागदाने हलक्या हाताने घासा, म्हणजे प्रत्येक थर वलयासारखा वेगळा दिसू लागेल. शर्यतीतल्या आकड्याचे वर्तुळ रंगाखाली दडलेले असण्याची शक्यता बरीच असते.

सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून रंग काढणे) मात्र कदापि करू नका. त्याने पातळ ॲल्युमिनियम ताणले जाते, लाटांसारखे होते, आणि मोगरीचे मूळ ठोके कायमचे नाहीसे होतात.

---

केळीबाग

गिरणाकाठ यांच्याशी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. तापीथडी, त्या गोदामात खताच्या गोण्या होत्या का? चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात केळीला पोटॅश भरपूर लागते आणि बहुतेक शेतगोदामांत त्याच्या गोण्या असतातच. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडत जातात. नाकाचा पत्रा “पोखरलेला” आहे असे आपण लिहिले आहे, त्यावरून मला हीच शंका येते. तसे असेल तर “काहीही घासू नका” हा सल्ला पाळता पाळता पत्रा रोज थोडा थोडा जात राहील.

---

तापीथडी

केळीबाग, आपली शंका खरी आहे. गोण्या होत्या आणि त्या गाडीच्या पुढच्या बाजूलाच रचलेल्या होत्या. मागची बाजू जवळजवळ धड आहे, ती बहुधा आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यामुळे वाचली असावी.

---

पत्रेवाला_धुळे

मी ट्रकच्या बॉडीच्या धंद्यातला आहे आणि वडिलांपासून आमच्याकडे पत्रेकाम चालत आले आहे, म्हणून पत्र्यापुरते सविस्तर लिहितो.

आधी धुण्याविषयी. मोजणी आणि छायाचित्रे पूर्ण झाली की क्षार धुऊन काढलेच पाहिजेत, यात दुमत नसावे. मात्र बोअरचे पाणी वापरू नका. आपल्या भागातील बोअरच्या पाण्यातच क्षार असतात. बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी आणा, मऊ ब्रशने धुवा, मऊ कापडाने टिपा आणि सावलीत वाळवा. पत्रा जेथे पोलादी नळीला टेकतो तेथे पांढरी भुकटी दिसेल. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते. बसवताना अशा प्रत्येक जागी झिंक क्रोमेट प्रायमर आणि मध्ये पातळ पट्टी घालावी. मूळ कारागिराने तेथे काही घातले होते का, ते खोलताना नीट पाहावे. त्या काळी कॅनव्हासची किंवा रबरी ट्यूबची पट्टी घालण्याची पद्धत होती.

आता नाक. चेपलेला पत्रा थंड असताना ठोकू नका. वय झालेले आणि एकदा ठोकलेले ॲल्युमिनियम कडक झालेले असते, ते तडकेल. ते आधी नरम करावे लागते. ॲल्युमिनियम तापले तरी लाल होत नाही, रंग न बदलता एकदम वितळते, म्हणून जुने कारागीर काजळीवर अंदाज घेत. गॅसच्या ज्योतीत ऑक्सिजन कमी ठेवून पत्र्यावर काळी काजळी धरायची, मग ऑक्सिजन वाढवून ज्योत एका जागी न थांबवता फिरवत राहायची. काजळी जेथून उडून गेली तेथे पत्रा नरम झाला, लगेच ज्योत पुढे न्यायची. त्यानंतर वाळूच्या पिशवीवर आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) लाकडी मोगरीने हळूहळू आकार परत आणता येतो.

खड्डे आरपार गेले असतील तेवढीच जागा कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा जोडावा. जोड गॅसने करायचा असेल तर फ्लक्स (जोड नीट धरावा म्हणून लावायचे रसायन) लागतो, आणि काम झाल्यावर तो गरम पाण्याने पूर्ण धुतला नाही तर तोच पुढे पत्रा खातो. मूळ सांध्यांच्या आतल्या बाजूला कुठे पांढरट कडक कवच दिसले तर ते हेच असते.

पूर्ण नाक नवे करण्याचा मोह होईल. मी स्वतः महिनाभरात लाकडी साच्यावर हुबेहूब नाक ठोकून देऊ शकेन, आणि तरीही तसे करू नका असेच सांगेन. डावीकडचे ठिगळ तर काढूच नये. रिव्हेटच्या ओळी सरळ आहेत की घाईने मारलेल्या आहेत, ते पाहा. घाईने मारलेल्या असतील तर ते काम शर्यतीच्या मैदानावरच झालेले असण्याचा संभव आहे.

---

वेगवंत

मला हा सगळा सूर थोडा एकांगी वाटतो. शर्यतीची गाडी ही जन्मभर बदलतच असते. आज इंजिन उघडले, उद्या गिअर बदलले, परवा अपघात झाला म्हणून पुढचा भाग नवा केला, हाच तिचा स्वभाव. तिला एका तारखेवर गोठवून काचेच्या कपाटात ठेवणे हादेखील एक प्रकारचा खोटेपणाच नव्हे काय?

या संदर्भात इंग्लंडमधील एक खटला मननीय आहे. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली पुढे इतक्या वेळा नव्याने बांधली गेली होती की, १९२९ सालचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. तिच्या विक्रीवरून वाद झाला, खरेदीदाराचे म्हणणे होते की ही ती गाडी नव्हेच. १९९० साली न्यायालयाने निकाल दिला की, गाडीचा इतिहास मध्ये कुठेही तुटलेला नाही, ती अखंडपणे तीच गाडी म्हणून बदलत आली आहे, त्यामुळे ते नाव तिलाच लागू होते. मग आपण एका नळीसाठी आणि एका पत्र्यासाठी एवढे का अडावे? नवी नळी लावा, इंजिन नवे करा आणि गाडी पळवा.

---

गिरणाकाठ

वेगवंत, उदाहरण उत्तम आहे, परंतु मला त्यातून उलटा निष्कर्ष दिसतो. न्यायालयाने अखंड इतिहासाला महत्त्व दिले. त्या बेंटलीत जे बदल झाले ते तिच्या शर्यतींच्या आणि वेगाच्या विक्रमांच्या काळात, तिच्याशी जोडलेल्या माणसांनी, त्या त्या गरजेपोटी केले होते. आपल्या गाडीचा तो काळ कारागिराबरोबर संपला. यापुढे आपण जे करू ते तिचे आयुष्य नव्हे, ती आपली दुरुस्ती असेल, आणि ती तशीच वेगळी ओळखू आली पाहिजे.

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद हेच सांगते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती तयार झाली. ती वाहन चालवायला मनाई करत नाही, उलट वापरात ठेवण्याला उत्तेजनच देते. फक्त बदल कमीत कमी असावेत, त्यांची नोंद असावी आणि नव्या भागांवर सहज न खुपणारी पण शोधल्यास सापडेल अशी खूण असावी, एवढा तिचा आग्रह आहे.

---

निवृत्त_फिटर_भुसावळ

मी रेल्वेत आयुष्यभर फिटर म्हणून काम केले आहे. जतन करायचे की पळवायचे, हा वाद आपण अवश्य करावा, परंतु काही भाग असे आहेत की त्यांवर मतभेदाला जागा नाही. स्टब ॲक्सल, स्टिअरिंगचे आर्म, टाय रॉडचे टोक, मागचे ॲक्सल शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्या. हे तुटले तर चालवणारा जातो.

रेल्वेत ॲक्सल बाहेरून कितीही चकचकीत असला तरी अल्ट्रासोनिक तपासणीशिवाय पुढे जात नाही, कारण वारंवार ताण बसून धातूला पडणारी थकव्याची चीर बहुधा पृष्ठभागावर केसाएवढी सुरू होऊन आत वाढत जाते आणि डोळ्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या गाडीसाठी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबक आणि लोहकण वापरून चिरा शोधणे) करून घ्या, मोठ्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास ती करून देणारे मिळतात. ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांना चुंबक लागत नाही, त्यांच्यासाठी डाय पेनेट्रंट वापरा. लाल रंग लावायचा, थांबायचे, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तेथे लाल रेघ वर उमटते. घरच्या घरी करता येते, फक्त आधी ग्रीस पूर्ण काढलेले हवे.

तडकलेल्या नळीविषयी. सांधे पितळी झाळीचे आहेत की वेल्डिंगचे, हे आधी पाहा. पितळी झाळ असेल तर तिच्यावर आर्क वेल्डिंग मुळीच करू नका. वितळलेले पितळ पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरते आणि जोड ठिसूळ होतो, आज पक्का दिसेल आणि खड्ड्यात सुटेल. आतून गंज किती आहे हे छोट्या हातोडीने हलके ठोकत गेले की आवाजावरून बरेच कळते, शंका असेल तेथे छोट्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पाहावे.

नळी बदलावी लागलीच तर बाजारातली शिवण असलेली नळी घेऊ नका, कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, बिनशिवणीची) घ्या, आणि काढलेली जुनी नळी फेकू नका.

---

तापीथडी

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त फिटर काका, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले : सगळे मूळ सांधे पितळी झाळीचे आहेत, आणि तडा नेमका तेथेच आहे जेथे नंतर कुणीतरी आर्क वेल्डिंगचा एक जाड गोळा मारलेला आहे. मूळ जोड शाबूत आहे, दुरुस्तीच तुटली आहे.

रंगाचा थरही पाहिला. वरचा लाल, त्याखाली फिकट निळा आणि निळ्यावर पांढऱ्या वर्तुळाची कड स्पष्ट दिसते. आकडा अजून उघडलेला नाही. ठिगळावर फक्त लाल रंग आहे, त्याखाली निळा नाही. म्हणजे अपघात निळ्या रंगाच्या काळात झाला आणि त्यानंतर गाडी लाल झाली, असे मी समजतो.

ऑइल सम्पचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्याचा) बोल्ट सैल केला तेव्हा काळ्या तेलाऐवजी मधासारखा चिकट, पिवळसर तपकिरी थर निघाला आणि वास एरंडेलाचा आला. हे शक्य आहे का?

---

वेगवंत

रंगाचे अनुमान पटले, आणि ठिगळ राहू द्यावे हेही आता पटते.

एरंडेल पूर्णपणे शक्य आहे. शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलाचे तेल वापरण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासूनची आहे. कॅस्ट्रॉल या नावातला पहिला भाग कॅस्टर ऑइलवरूनच आलेला आहे. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर धातूवरून लवकर सुटत नाही, हा त्याचा गुण. पडून राहिले की हवेने घट्ट होऊन लाखेसारखे चिकटते, हा दोष. हा पुरावा मोलाचा आहे, कारण रोजच्या रस्त्यावरच्या फियाटमध्ये कुणी एरंडेल घातले नसते. थोडा थर काचेच्या बाटलीत भरून ठेवा.

जाम इंजिन सोडवायला आपण सवयीने रॉकेल किंवा डिझेल ओततो. येथे त्याचा फारसा उपयोग होणार नाही, कारण एरंडेल खनिज तेलात नीट विरघळत नाही, ते स्पिरिटमध्ये विरघळते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये स्पिरिट आणि ॲसिटोन घाला, उघड्या हवेत, आगीपासून दूर, आणि भिजू द्या. क्रँकला लांब पाना लावून जोर करू नका, रिंगा मोडतील. घाई न करता हेड उतरवून सोडवलेले बरे.

उघडल्यावर एक गोष्ट विसरू नका. नवे पिस्टन आणि व्हॉल्व्ह मिळणे आजही अशक्य नाही. प्रीमियर पद्मिनी ही गाडी त्याच घराण्यातली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिच्या टॅक्सी अगदी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होत्या. पण नवे घालण्यापूर्वी जुने मोजा. हेड किती घासले आहे, पिस्टनचा माथा उंच केला आहे का, आणि विशेषतः कॅमशाफ्ट. डिग्रीची चकती आणि डायल गेज लावून प्रत्येक लोबची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्याची) उचल कागदावर काढा. कॅम नव्याने घासलेला असेल, तर त्या माणसाचे सगळे विचार त्या आलेखात सापडतील.

---

सातपुडा_पायथा

कायद्याच्या बाजूने थोडेसे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

आपली अडचण “पहिली नोंदणी” या शब्दांतच आहे, कारण शर्यतीची गाडी बहुधा कधीच नोंदलेली नसते. ज्या फियाटचे इंजिन वापरले तिचे जुने कागद कुठे सापडले तरी ते या गाडीला चिकटवू नका. ते बेकायदेशीर होईल आणि पुढे गाडीच्या इतिहासावरच संशय येईल. ट्रेलरवरून न्यावी आणि बंद मैदानावर चालवावी, हेच सरळ.

पेट्रोलचेही पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधला कॉर्क आणि डायफ्राम त्याने फुगतात किंवा विरघळतात, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच बसवा, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा.

---

केळीबाग

शोलावरमच्या पुराव्याबद्दल एक दिशा सुचवतो. ती युद्धकाळातली धावपट्टी होती, आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक होण्याआधी मद्रासच्या शर्यती तेथेच होत. आयोजक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासूनचा आहे. निळा रंग आणि आकडा ठरला की जुने कार्यक्रमपत्रक किंवा वर्तमानपत्रातले छायाचित्र शोधणे सोपे जाईल.

तुटलेले भागही पुरावाच असतात, याचे एक मोठे उदाहरण सांगतो. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर ३ मार्च १९२७ रोजी पॅरी-टॉमस हे चालक ‘बॅब्स’ या आपल्या एकुलत्या एक विक्रमी गाडीत विक्रमाचा प्रयत्न करताना ठार झाले. गाडी तेथेच वाळूत पुरली गेली. चाकांना गती देणारी चेन तुटून त्यांना लागली, असेच अनेक दशके मानले जात होते. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन यांनी ती उकरून काढली आणि पुढे कित्येक वर्षे खपून चालती केली. त्या सांगाड्याच्या तपासणीतून मागचे चाक आधी निकामी झाले असावे, असे वेगळे मत पुढे आले. कुणी नीट पाहिले म्हणून तो प्रश्न पुन्हा उघडला गेला.

---

तापीथडी

या चर्चेतून माझे ठरले ते असे. आधी पूर्ण मोजणी आणि नोंद, मग डिस्टिल्ड पाण्याने धुणे. आर्क वेल्डिंगचा गोळा आणि त्याखालची खराब नळी काढून सीमलेस नळीचा तुकडा पितळी झाळीनेच जोडायचा आणि त्यावर सालाची बारीक खूण ठोकायची. नाक तेच राहील, फक्त आरपार गेलेली जागा भरली जाईल, आणि हे काम पत्रेवाला दादांनी करावे अशी माझी विनंती आहे. ठिगळ आणि लाल रंग राहील, वर्तुळाची एक चौकट तेवढी उघडी ठेवीन. स्टब ॲक्सल, स्टिअरिंग आर्म आणि ब्रेकच्या नळ्या तपासणीत उतरल्या नाहीत तर नव्या लागतील, जुन्या चिठ्ठी बांधून गाडीसोबतच राहतील.

एक शंका उरली आहे. पेट्रोलची टाकी जस्ताच्या पत्र्याची, झाळलेली आहे, आणि तळाला गळते. ती स्थानिक वेल्डरकडे द्यावी का?

---

निवृत्त_फिटर_भुसावळ

नाही. वास येत नसला तरी जुन्या टाकीच्या सांध्यांत पेट्रोल मुरलेले असते, आणि ज्योत जवळ नेली की ती फुटते. आधी गरम पाण्याने आणि वाफेने पुन्हा पुन्हा धुवा, उघडी करून वाळवा. त्यानंतरही उघड्या ज्योतीचे काम करू नका, आगीवर वेगळ्या ठिकाणी तापवलेल्या मोठ्या सोल्डरिंग आयर्नने शिशाच्या झाळीचे काम होते. भुसावळला आमच्यातले एक जुने टिनस्मिथ अजून हे काम करतात, त्यांच्याशी बोलून आपल्याला कळवतो. टाकी पाठवताना बूच उघडेच ठेवा.

---

पत्रेवाला_धुळे

नाकाचे काम करीन. मोजणी झाली की कळवा, पण पत्रा सांगाड्यावरून उतरवताना मी स्वतः हजर असेन, कारण रिव्हेट कोणत्या क्रमाने मारले होते हे काढतानाच कळते.